चोर्ल्याच्या वाटेवरची दुसरी गाडी

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत दारात उभी असते ती रोजची गाडी. स्कूटर किंवा शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल. ऑफिस, भाजी, मुलांचा क्लास, सगळं तिच्यावर. पण बोळात जरा आत डोकावलं की जिन्याखाली चादर टाकून झाकलेली आणखी एक दिसते. ती दुसरी. तिच्यावर दूध आणायला कुणी जात नाही. मग जाते कुठे, असं विचारलंत तर बहुतेकांचं उत्तर एकच येईल : चोर्ला.

दुसरी गाडी कुठली घ्यावी हे माणूस ठरवतो असं वाटतं, पण माझ्या मते ते गावाबाहेर पडणारा रस्ताच ठरवतो. आमचा रस्ता पिरनवाडीला खानापूर रस्ता सोडून किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत पठारावरून जातो आणि मग एकदम गोव्यात, सत्तरी तालुक्यात केरीला उतरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. ही सगळी उंची शेवटच्या घाटात एकदमच सोडायची असते. वळणं, धुकं, पाऊस आणि पावसाने उखडलेलं डांबर.

या रस्त्यावर तीन गाड्यांचे तीन पंथ आहेत. आरएक्स-१०० वाले स्वतःला राजे समजतात. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघालेली, ९८ सीसीची, वजनाने जेमतेम शंभर किलोची ही गाडी केरीहून वर चढताना कुणाला ऐकत नाही. मागे माणूस बसला की मात्र तिचा अर्धा तोरा उतरतो. बुलेटवाले उतारावर निवांत. फोर-स्ट्रोक इंजिन जड गाडीलाही धरून ठेवतं, ब्रेकवर फार भार येत नाही. तिसरा पंथ येझदीचा, आणि आमचं घर त्यातलं. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. नव्या माणसाला हे दाखवलं की तो आधी हसतो आणि मग स्वतः करून बघायला मागतो.

बेळगावात येझदी इतक्या का, याचं उत्तर नकाशात आहे. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याबद्दल आपल्या घरांत काय बोललं जातं ते इथे नव्याने सांगायला नको. पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, त्याच राज्याच्या म्हैसूर शहरात आयडियल जावाच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीशी करार करून तो काढला होता. १९७३ मध्ये जावाचं नाव बदलून येझदी झालं आणि त्याच वर्षी म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. बाबा म्हणायचे, राज्याचं नाव बदललं तेव्हा गल्लीत वाद झाले, गाडीचं बदललं तेव्हा कुणी काही बोललं नाही. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. येझदी हे नाव २०२२ मध्ये परत आलं, पण ती गाडी वेगळी. चार-स्ट्रोकची, आणि बनते पीथमपूरला, म्हणजे इंदूरकरांच्या शेजारी. चांगली आहे म्हणतात. आमच्या मिस्त्रींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि "शांत आहे" एवढंच म्हणाले. ते कौतुक होतं की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

आमची रोडकिंग १९८५ ची. बाबा ऑगस्टमध्ये गेले आणि सप्टेंबरात घरात गाडीचा विषय निघाला. दादा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं : चालवणारं कोणी नाही, जिना अडतो, आज चांगली किंमत येते, विकून टाकू. बंगळूरहून दोन जण विचारूनही गेले होते. दादाची मुलगी पुण्यात नोकरी करते, ती म्हणाली, मी नेते पुण्याला. आणि मला वाटत होतं, गाडी इथेच राहावी. तिघांचीही बाजू खोटी नव्हती, म्हणून विषय मिटेना.

त्यातच दोन तारखा डोक्यावर होत्या. गाडीचा मालक वारला तर वारसाला तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यावं लागतं. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं. आमच्या गाडीचं ते डिसेंबरात येत होतं. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला त्याचे दोन हजार रुपये पडतात, हरित कर वेगळा. गाडी पन्नाशीची झाली की 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. चोर्ल्याला चहा प्यायला जाणं त्यात बसत नाही. पुण्याला कायमची न्यायची तर इथल्या आरटीओची ना-हरकत आणि एमएच नंबर. आमच्या गाडीचा नंबर केए-२२ च्याही आधीचा आहे. तो गेला असता.

ऑक्टोबरात भाची आली. म्हणाली, "आत्या, एकदा चोर्ला करू. मग ठरवू." मी म्हटलं, जाताना तू चालव.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. सत्तरी ओलांडलेला माणूस. मराठी, कन्नड आणि दखनी यांतलं कुठलं वाक्य कुठे संपेल सांगता येत नाही. पॉइंट उघडून म्हणाले, "गॅप बरोबर इल्ल, म्हणून सकाळी चालू होईना झालीया." पॉलिश पेपर फिरवला, गॅप लावला, दुसऱ्या किकला गाडी बोलली. मग भाचीला जवळ बोलावून त्यांनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाणी ओढायची सवय असते आणि जुने रबर, वॉशर ते खातं. महिनाभर गाडी उभी ठेवायची तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करायचा, टाकीही रिकामी केली तर उत्तम. "पुण्यात कोण करेल हे?" त्यांनी सहज विचारलं. भाची काही बोलली नाही.

त्यांचा प्रश्न मला पुरता पटला होता. जुनी गाडी चालते ती तिच्यामागे असलेल्या माणसांच्या जोरावर. सिलिंडर झिजला की बोअर करून मोठा पिस्टन घालायचा. मापं संपली की स्लीव्ह बसवायची. हे काम करणारा लेथवाला आमच्या उद्यमबागेत मिळतो, कारण तिथे फौंड्री आणि मशीन शॉप यांची वस्ती आहे आणि हजारो सुट्या भागांवर हात बसलेली माणसं आहेत. पण मिस्त्रींचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे. तोही चुकला असं नाही. महिन्याला किती येझदी येणार?

सकाळी साडेसहाला निघालो. किणये मागे पडेपर्यंत गार वारा आणि भाताचा वास. गाडीने दोनदा फटफट केलं आणि मग तिचा सूर लागला. जांबोटी तीसेक किलोमीटर. त्याच्याजवळ कुसमळीला मलप्रभेचा पूल लागतो. या रस्त्याची गंमत अशी की नदी आधी भेटते आणि तिचा उगम नंतर. पुढे कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. तिथून ती पूर्वेला निघते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्याच्या पाण्याला दोन समुद्र. कळसा-भांडुराचं भांडण उगीच पेटलेलं नाही, हे या उंचीवर उभं राहिलं की कळतं.

नव्या गाडीने आम्ही कणकुंबीला थांबलो असतो का? बहुधा नाही. येझदीला थांबावंच लागतं. घाटाआधी तिला दहा मिनिटं निवू द्यायचं, प्लग बघायचा, ऑइलचा अंदाज घ्यायचा. बाबांचे या रस्त्यावरचे चहाचे ठरलेले ठिकाण म्हणजे गाडी जिथे तापायची ते ठिकाण. टपरीवरचे काका गाडी ओळखून म्हणाले, "मास्तर आले नाहीत?" मी सांगितलं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. भाची बराच वेळ कप हातात धरून बसली.

घाट सुरू व्हायच्या आधी मी तिला एकच गोष्ट समजावली, आणि तुमच्याकडे जुनी टू-स्ट्रोक असेल तर तुम्हीही लक्षात ठेवा. या गाडीत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरला तीस-चाळीस मिली. ॲक्सिलरेटर बंद करून लांब उतार उतरलं तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पण पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. पिस्टन कोरडा पडून जाम होऊ शकतो. म्हणून उतारावरही अधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा पिळायचा. पुन्हा टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं धरत नाही, त्यामुळे सगळा भार ड्रम ब्रेकवर. ते तापले की धरेनासे होतात. खालचा गिअर, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे आणि मध्ये विश्रांती.

गोव्याची हद्द ओलांडल्यावर सुर्लाच्या धबधब्याच्या पॉइंटवर पहिली विश्रांती. पावसाळ्यात इथे गाड्यांची जत्रा असते. ऑक्टोबरात पाणी बारीक झालेलं आणि दरीत म्हादई अभयारण्याचं हिरवं जंगल मोकळं दिसत होतं. मी मागच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहिला, चांगलाच तापला होता. वीस मिनिटं बसलो. बुलेटवरून जाणाऱ्या एकाने मान हलवून विचारलं, बंद पडली? भाची म्हणाली, "नाही, दमली." ते ऐकून मी हसले. बाबांचं उत्तर हेच असायचं आणि तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

खाली केरीपर्यंत तिने गाडी नीट आणली. एका वळणावर समोरून खडीचा ट्रक आला तेव्हा माझे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर घट्ट होते, पण तिने ॲक्सिलरेटर पिळायला विसरलं नाही. केरीत पाव आणि पातळ भाजी खाल्ली. तिथून साखळी जवळच, हरवळ्याचं रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा पाहून परत फिरायचं ठरलं.

साखळीला पेट्रोल भरलं. २०१२ मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला तेव्हा बाबा इथे टाकी भरायला आले की घरी हिशेब मांडून दाखवायचे. जाण्या-येण्यात किती पेट्रोल जळलं, ते आईने विचारेपर्यंत. भाचीने माप हातात घेऊन ऑइल ओतलं, झाकण लावलं आणि टाकी हलवायला गाडी दोन्ही पायांत धरून डोलवली. पंपावरचा मुलगा बघत राहिला.

चढावर गाडी मी घेतली. मागून ती म्हणाली, "आत्या, पुण्यात ही मी फक्त रविवारी लोकांना दाखवली असती." घाट संपेपर्यंत आम्ही त्यावर काही बोललो नाही.

घरी येऊन दादाला फोन लावला. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, जिन्याखाली फरशी तरी नीट करून घ्या, ऑइल गळतं. त्याने संमतीपत्र पाठवलं. फॉर्म ३१ वर नाव माझं, कारण पत्ता इथला आणि वारस मी. किल्ली तिची. दोन महिन्यांतून एकदा येऊन गाडी चालवायची, या अटीवर. नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवायची आहे. त्याआधी मिस्त्रींना क्लच उघडायचा आहे, चढावर थोडा घसरत होता. त्यांनी तिला पुण्यात कॉर्कच्या क्लचप्लेटा शोधायला सांगितल्या आहेत. चार लागतील, पण मिळाल्या तर आठ आण, म्हणाले.