फियाट, पण कोणती?

बडोद्याच्या मराठी वस्तीत, दांडियाबाजार-रावपुऱ्याकडे, एके काळी ‘त्यांच्याकडे मोटार आहे’ असे म्हटले की बहुधा फियाटच समजावी. ती कोणती, असे कुणी विचारीत नसे. हा प्रश्न मला विचारला तो मुंबईच्या चोरबाजाराने.

आमच्या नानांनी नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून, 1968 साली ‘डिलाइट’ घेतली. नाना आता नव्वदीला टेकले आहेत आणि गाडी मागच्या अंगणात झाकून उभी असते. तीन वर्षांपूर्वी माझ्याच हातून ती फाटकावर आदळली व पुढची जाळी मोडली. मी मुंबईला जाऊन नवी आणली. ‘सगळ्या फियाटना चालते,’ असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. नानांना हल्ली नीट दिसत नाही. त्यांनी जाळीवरून एकवार बोटे फिरविली आणि ती माझ्या हाती परत दिली.

“ही प्लास्टिकची. पद्मिनीची, तीही उतारवयातली. आपली धातूची होती. राहू दे आता.”

ते ‘राहू दे’ मनाला लागून राहिले.

म्हणून गेल्या हिवाळ्यात पुन्हा निघालो. पहाटे मुंबई सेंट्रलला उतरलो, तर टॅक्सींच्या रांगेत काळ्या-पिवळ्या गाड्या होत्या, पण पद्मिनी एकही नव्हती. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर 2023 अखेर, तीही रस्त्यावरून उतरली. जिच्या मागल्या आसनावरून आम्ही बडोदेकरांनी लहानपणी मुंबई पाहिली, ती अशी नाहीशी झालेली पाहून क्षणभर चुकल्यासारखे झाले.

चोरबाजारातील एका बोळात, सुट्या भागांच्या राशीत, एक वृद्ध मिस्त्री बसले होते. फियाटची जाळी हवी म्हणताच त्यांनी विचारले, “कोणती? दुक्कर, डिलाइट की पद्मिनी?” आणि मग चहा मागवून त्यांनी मला सारा वंशवृक्षच उलगडून दाखविला.

मूळ फियाट 1100 ही 1953 सालची इटालियन मोटार. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती 1954 पासून तयार होऊ लागली. अंगाने गोलसर, पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटे उघडे. मुंबईकरांनी तिचे नाव ठेवले ‘दुक्कर फियाट’. साठीच्या दशकाच्या मध्यास डिलाइट आली, ती अंगाने चौकोनी आणि सरळ उघडणाऱ्या दारांची. सत्तरीच्या आरंभी तीच काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून, मेवाडच्या राणीच्या नावाने, ‘पद्मिनी’.

दुक्कर तर दुरूनही ओळखू येते. खरी फसगत होते ती डिलाइट आणि पद्मिनीत. साचा तोच, 1089 सीसीचे इंजिन तेच, गियरचा दांडाही तसाच स्टिअरिंगखाली. ‘फियाट’ची मुद्रा जाऊन ‘प्रीमियर’ची आली, एवढाच वरवरचा फरक. पुढे वर्षे लोटली तशी चकाकणाऱ्या धातूच्या जागी काळे प्लास्टिक आले. डिझेलवर चालणारी भावंडे निघाली. अगदी अखेरच्या काही गाड्यांत गियर खाली जमिनीवर आला.

“पण मागच्या नावावर विश्वास ठेवू नका,” मिस्त्री म्हणाले. “पद्मिनीचे भाग लावलेल्या डिलाइट मी पुष्कळ पाहिल्यात. नाव बदलता येते. चासीवरचा नंबर पाहा, नोंदणीच्या पुस्तकातले साल पाहा, आणि मग हात लावून पाहा.”

नाना तेच तर करीत होते!

राशीच्या तळातून त्यांनी एक जाळी ओढून काढली. एका कडेला पोचा होता, मुलामा उडाला होता. बडोद्याला पोचताच ती नानांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली आणि पोच्याशी येऊन थांबली. मी श्वास रोखून उभा होतो.

“पोचा काढून घे,” नाना म्हणाले, “आणि उद्या सकाळी गाडीवरचे कापड काढ.”