चौमासा आणि भुशीची वाट



मागच्या वेळी कच्च्या केळ्याच्या वड्यांची कृती लिहीन असं कबूल केलं होतं. ती आज नाही. आज घरातलीच एक गोष्ट सांगायची आहे. नातीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको आणि फोटो तर मुळीच नको."

माझं माहेर नगरचं. तिकडे पाऊस मोजूनमापून पडतो. 1981 साली बी.कॉम.चा निकाल लागला आणि तिसऱ्या महिन्यात मी लोणावळ्यात सून होऊन आले. पहिल्या पावसाळ्यात रडायचीच बाकी होते. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, भिंतीला बुरशी, पिठात जाळी. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा आपल्या चौमाशात. धान्य निवडताना सासूबाई म्हणायच्या, "पावसात जीव फार, म्हणून हात हळू चालव." पालेभाजी चार महिने बंद. मुलांना ओल्या गवतात पाय टाकू द्यायच्या नाहीत. महाराजसाहेबसुद्धा आठ महिने चालतात आणि याच चार महिन्यांत एका जागी थांबतात, ते त्या जिवांसाठीच.

आणि लोणावळ्याचं काय? चौमासी लागते न लागते तोच सगळी मुंबई आणि सगळं पुणं आमच्या दारात येऊन उभं राहतं. शनिवार-रविवारी मला मंडईतून घरी यायला पाऊण तास लागतो, एरवी दहा मिनिटं. आपण जेव्हा कमीत कमी हलायचं, तेव्हाच आमचं गाव जास्तीत जास्त हलतं. चाळीस वर्षं हे डोळ्यांसमोर आहे, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला पंधरा वर्षांच्या मुलीने.

2024 ची गोष्ट. 30 जूनला, रविवारी, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. एकमेकांना धरून उभी होती बिचारी. हे धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलं होतं, दीडशे वर्षांपूर्वी. तेव्हा कोणाला वाटलं असेल, की लोक पायऱ्यांवर बसून भिजायला येतील! त्या रात्री मला झोप आली नाही. डोळे मिटले की पाणी दिसायचं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नात म्हणाली, "दादी, रविवारी क्लासच्या मैत्रिणी पुण्याहून येताहेत. आम्ही भुशीला जाऊ?" चौमासी लागून आठवडा झाला होता. त्याच आठवड्यात पुण्यात नदीचं पाणी घरांत शिरलं होतं. मी पोळ्या लाटत होते. वळूनही न बघता म्हणाले, "चौमाशात? हिरवळ तुडवत, पाण्यातले जीव मारत फिरायचं? पाठशाळेत हेच शिकलीस का?"

ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "मग दादी, आपलं दुकानपण चार महिने बंद ठेवूया ना."

स्वयंपाकघरात सून होती, जेवायला बसलेला मुलगा होता, आमचे हे होते. कोणी काही बोलेना. मग मुलगा इतक्या जोराने ओरडला, की शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. "दादीशी असं बोलतात?" ती ताटावरून उठून गेली. सूर्यास्ताला वीसच मिनिटं होती आणि तिचा चोविहार असतो, म्हणजे उपाशीच. सून माझ्याकडे बघत नव्हती. त्यावरून ती कोणाच्या बाजूने होती ते मला कळलं.

आमचं दुकान तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. छत्र्या, रेनकोट, प्लास्टिकच्या चपला, मोबाइलला गळ्यात अडकवायच्या पिशव्या, लहान मुलांचे टॉवेल. हिवाळ्यात स्वेटर आणि माकडटोप्या असतात, पण ते नावाला. दुकानाच्या वह्या लग्नापासून मीच लिहिते. हल्ली कॉम्प्युटरवर आहे, तरी वर्षअखेरीचा ताळा मीच बघते. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी मागच्या पाच वर्षांचे आकडे काढून बसले. लॉकडाऊनची वर्षं वगळली. जून ते सप्टेंबरची विक्री प्रत्येक वर्षी निम्म्याहून जास्त, एका वर्षी तर जवळजवळ दोनतृतीयांश. भुशीला जाणाराच तो पैसा. तिची फी, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, स्थानकाच्या छपराला आम्ही दिलेली देणगी, सगळं त्यातलंच. डेबिट-क्रेडिट शिकलेल्या बाईला हे पोरीने दाखवावं लागलं!

सकाळी ह्यांना सांगितलं. चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "हिशोब बरोबर आहे तिचा. बोलायची पद्धत चुकली." आणि पेपर वाचायला लागले.

दुकान बंद ठेवा असं मी म्हणत नाही. घर चालवायचं असतं, दोन नोकरांची घरंही त्यावर आहेत. पण मला खरं टोचलं ते वेगळंच. मी तिला नाही म्हणाले ते जिवांच्या दयेने म्हणाले का? नाही हो. मला भीती वाटत होती. ती वाहून जाईल, एवढंच डोक्यात होतं. "मला भीती वाटते" म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "आम्ही पाण्यात नाही उतरणार, दादी," आणि मग मला काही बोलता आलं नसतं. धर्म मध्ये आणला की समोरचा गप्प बसतो. आपण बायका हे फार करतो. निदान मी तरी केलं.

त्यानंतर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. लहानपणापासून माझ्या सामायिकाला शेजारी बसायची, रेतीचं घड्याळ उलटं करायचं काम तिचं. अठ्ठेचाळीस मिनिटं बसणं तिला जमायचं नाही, मध्येच माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून झोपायची. आता घड्याळ मीच उलटं करत होते. पाठशाळाही सुटली. दहावीचं निमित्त होतंच.

एक काम मात्र तिने सोडलं नाही. त्या वर्षी आमच्याकडे महासतीजींचा चातुर्मास होता, ठाणा चार. पाऊस पडत असताना महासतीजी गोचरीला निघत नाहीत, हे तुम्ही जाणताच. नगरला किंवा सोलापूरला त्याचं काही वाटत नाही. लोणावळ्यात पाऊस सकाळी सुरू झाला तर संध्याकाळपर्यंत थेंब तुटत नाही. महासतीजी तशाच बसून राहतात, कधीकधी तर दिवसभर. म्हणून आमच्याकडची मुलं आळीपाळीने खिडकीत बसतात. पाऊस खरंच थांबला, की पागोळ्याच गळताहेत, हे बघायचं आणि धावत स्थानकात निरोप द्यायचा. मग बायका घरोघरी तयार होतात. एकदा माझ्या हातातली खिचडी वाढायची राहिली आणि पुन्हा सर आली. महासतीजी शांतपणे मागे फिरल्या. मी मात्र भांडं हातात धरून रडले.

तर आमची ही, माझ्याशी अबोला धरलेली, शाळेतून आली की दप्तर टाकून खिडकीत बसायची. पुस्तक मांडीवर आणि नजर बाहेर. मी दारातून बघायची. दोघींनाही माहीत होतं, की दुसरीचं लक्ष आहे.

पर्युषण आलं. तिने एकासणं केली, मी तेला केला. संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं आणि माझ्या मोबाइलवर तिचा मेसेज आला. कमळाचं चित्र, खाली मिच्छामि दुक्कडम्. तोच मेसेज तिने घरच्या ग्रुपवर टाकला होता, मामाकडे टाकला होता, बहुतेक दूधवाल्यालाही. मला राग आला, आणि मग हसू आलं. मीसुद्धा सकाळपासून दीडशे जणांना एकच चित्र पाठवलं होतं. ज्यांच्याशी वर्षभर भांडण सोडा, बोलणंही झालं नाही, त्यांची क्षमा मागून झाली होती. जिची मागायची ती वरच्या खोलीत होती.

तेल्याने पाय लटपटत होते, तरी जिना चढले. म्हणाले, "बेटा, मिच्छामि दुक्कडम्. त्या दिवशी मला भीती वाटली होती. मी चौमाशाचं नाव पुढे केलं."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, दादी." मग बराच वेळ नखं कुरतडत बसली आणि म्हणाली, "मी गेले होते त्या रविवारी."

क्लासला जाते म्हणून सांगून गेली होती. पोलिसांनी पायऱ्यांकडे जाऊच दिलं नाही, म्हणून चौघी अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या, कणीस खाल्लं आणि घरी आल्या. एवढंच. पण माझ्या हातापायातलं उरलंसुरलं बळही गेलं. ती जर पाण्यात उतरली असती तर घरात कोणाला पत्ताही नव्हता, ती कुठे आहे. आणि हे माझ्यामुळे झालं होतं. भीतीची गोष्ट मी भीतीसारखी सांगितली असती तर कदाचित मुलाला बरोबर पाठवून तिला लांबूनच धरण दाखवून आणलं असतं. नुसता नियम सांगितला, त्यातून तिने पळवाट काढली.

आई-बाबांना सांगू का, असं तिने विचारलं नाही. सांगू नकोस असंही म्हणाली नाही. मी म्हणाले, "हे तूच सांगायचं. मी सांगणार नाही, पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही." चार दिवस मी सुनेची नजर चुकवत फिरले. पाचव्या दिवशी तिने सांगितलं. सुनेने तिला काही न बोलता जवळ घेतलं आणि मग महिनाभर मोबाइल काढून घेतला. दोन्ही योग्यच केलं. मी मध्ये पडले नाही. (पडायची फार इच्छा होती!)

कार्तिक पौर्णिमा झाली आणि महासतीजींचा विहार निघाला, पुण्याच्या दिशेने. आमच्याकडे विहार-सेवेला तरुण मुलंमुली जातात. जुना मुंबई-पुणे रस्ता किती वाईट आहे हे तुम्हाला सांगायला नको. एक्सप्रेसवे झाला तरी त्यावर गाड्या कमी नाहीत, आणि महासतीजी अनवाणी, कडेने. एक मुलगा लाल झेंडी घेऊन पुढे, एक मागे, सगळ्यांच्या अंगात चमकणारी जाकिटं. ती आमच्या दुकानातली, मागच्या वर्षीची उरलेली. तिने आजोबांकडून मागून घेतली आणि बिल करा म्हणाली. ह्यांनी बिल केलं नाही.

सूर्योदयानंतर निघालो. मी वलवणपर्यंत चालले, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि गाडीत बसले. ती कार्ल्यापर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी कामशेतपर्यंत. एका महासतीजींचा पाय खड्ड्यात मुरगळला तेव्हा त्यांना आधार कसा द्यायचा ते तिला बरोबर माहीत होतं. मला नव्हतं.

कामशेतला दुपारी मुलांनी टूम काढली, की पाले गावाजवळची लेणी बघायची. मावळात कार्ले-भाजे सगळ्यांना ठाऊक, पण पाल्याला आपलं लेणं आहे हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिथे ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचला. सुरुवातच अरहंतांना नमस्कार करून आहे, आपल्या नवकाराच्या पहिल्या पदासारखी. इंद्ररक्षित नावाच्या साधूंनी लेणं आणि पाण्याची पोढी करवून घेतली, असं त्यात लिहिलं आहे. लोहगडाजवळच्या एका लेण्यातही तशाच वळणाचा लेख काही वर्षांपूर्वी सापडला. हे सगळं नातीने गाडीत मोबाइलवर वाचून दाखवलं. तोवर तो परत मिळाला होता.

मुलं वर गेली, मी खाली गाडीत थांबले. शेतांत भाताची कापणी झाली होती, पेंढा वाळत होता. तासाभराने ती घामाघूम होऊन खाली आली आणि दगडावरच्या अक्षरांचा फोटो दाखवला. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही, तरी हात जोडले.

ती पाणी पिऊन म्हणाली, "दादी, ते पावसाळ्यात इथेच राहत असतील ना? मग पाऊस थांबेपर्यंत गोचरीचं काय करत असतील?"

मी म्हणाले, "बसत असतील, आपल्या महासतीजी बसतात तशा."

"खाली गावात कोणीतरी खिडकीत बसवलं असेल," ती म्हणाली आणि आणखी लाडू आहे का म्हणून डबा उघडून बघायला लागली. एकच उरला होता. सूर्यास्ताला अजून वेळ होता, म्हणून तिलाच दिला.

वड्यांची कृती पुढच्या वेळी नक्की. केळी आणून ठेवली आहेत.