कुंपणावरची फळे

आमच्या वसईच्या वाडीला पूर्वी मोगली एरंडाचे कुंपण होते. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, फांदी खोचली की रुजते आणि पैसा लागत नाही. कुंपणाला आणखी काय हवे? नाव मोगली असले तरी हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. पोर्तुगीज दर्यावर्दींमुळे ते आपल्याकडे आले, असे मानतात. लहानपणी देठ मोडून त्याच्या चिकाचे बुडबुडे आम्ही फुंकीत असू. मात्र ‘बी तोंडात घालायची नाही’ ही आईची ताकीद त्या खेळाच्याही आधीची.

1976 च्या ऑक्टोबरात भातकापणीसाठी जव्हारकडचे एक वारली कुटुंब आमच्याकडे उतरले होते. आईबाप शेतात वाकलेले आणि तीन लेकरे कुंपणाच्या सावलीत. दुपारी थोरली मुलगी धावत आली. धाकटे दोघे ओकत होते, पोट धरून लोळत होते. भोवती काळ्या बियांची टरफले पडली होती. आतला पांढरा गर शेंगदाण्यासारखा लागतो. ही चवच घात करते.

वडिलांनी घाईघाईने मिठाचे पाणी पाजले. असे करू नये, हे आज मला ठाऊक आहे. अशा वेळी ओकारी काढण्याचा खटाटोप न करता रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे. खाल्लेली बी वा फांदी सोबत घ्यावी. या बियांत फॉरबॉल एस्टर नावाची दाहक द्रव्ये आणि कर्सिन हे विषारी प्रथिन असते. त्यांवर नेमका उतारा नाही. उलट्याजुलाबांनी शरीरातले जे पाणी जाते, ते भरून काढणे हाच मुख्य उपचार.

दवाखान्यात मुलांची नावे विचारली गेली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आठ दिवस ती लेकरे आमच्या अंगणात वावरत होती. पण त्यांची नावे आम्हांला ठाऊक नव्हती.

दोन रात्री सलाईन चालले. तिसऱ्या दिवशी मुले पेजेवर आली. निघताना त्यांच्या आईने वडिलांना एवढेच विचारले, “शेट, तुमची पोरं नाही खात ती बी?”

त्या प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच तो अधिक लागला. आमची मुले खात नव्हती, कारण त्यांना सांगितलेले होते. कामाला येणाऱ्यांना मजुरी सांगितली, वेळ सांगितली, विहीर दाखविली. कुंपण दाखवायचे मात्र राहून गेले.

पुढे 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने याच बियांपासून डिझेल काढण्याची शिफारस केली आणि ठिकठिकाणी लागवडी झाल्या. त्या बातम्या वाचताना मला तेलाचा हिशेब दिसत नसे; बांधावर बसलेली लेकरे दिसत.

आमच्या वाडीला आता दगडी गडगा आहे. पण ओढ्याकाठी चारदोन झाडे अजून तग धरून आहेत. दरवर्षी मजूर आले की पहिल्या दिवशी मी त्यांच्या मुलांना तिथे नेतो, फळ फोडून दाखवितो. त्याआधी त्यांची नावे विचारतो.