समोरच्याकडे विचारा

क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे मोबाइलमधल्या नकाशाचा काही उपयोग नाही. निळा ठिपका एखाद्या इमारतीच्या पोटात जाऊन बसतो आणि तुम्ही उभे असता भलत्याच गल्लीत. इथे पत्ता विचारायची रीतच वेगळी. ‘शेख मेमन स्ट्रीट कुठे?’ म्हणून विचारलंत, की समोरचा उलट विचारतो, ‘घ्यायचं काय आहे?’ लटकन, लेस, बल्ब, काचेची परीक्षानळी, काय ते सांगा. वस्तू कळली की बोट आपोआप योग्य दिशेला जातं.

वस्तू हाच पत्ता, ही सवय इथल्या नावांतही मुरलेली आहे. तांबाकांटा म्हणजे तांबं जोखायचा काटा. सुतार चाळ, लोहार चाळ, चिराबाजार, सगळं सरळसोट. पायधुणीला मात्र माल नाही, नुसता रिवाज. मुंबईची बेटं जोडली जाण्याआधी भरतीचं पाणी इथवर यायचं. ते ओलांडून आलं की पाय धुवायचे, एवढंच. परवाच्या शनिवारी मला तांबाकांट्याला एक काम होतं. खांद्यावरच्या पिशवीत आजीचं पितळी पातेलं होतं. म्हटलं, जाता जाता बघू तरी, नावाला जागणाऱ्या गल्ल्या किती उरल्यात.

लोहार चाळ पहिल्या फटक्यात नापास. ऐरणीचा पत्ता नाही, वायरींची भेंडोळी, स्विच, पंखे आणि भर दुपारी लखलखणाऱ्या एलईडीच्या माळा. चिराबाजार म्हटलं की आता चिरे नाही, मासे आठवतात. धोबीतलावात ना धोबी, ना तलाव.

मॉलमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला इथली एक गोष्ट चटकन पचत नाही. एकाच मालाची ओळीने तीस-चाळीस दुकानं, तीही खांद्याला खांदा लावून, कशी काय चालतात? एमबीए झालेली एक मैत्रीण याला ‘क्लस्टर’ म्हणते. असेल. मंगळदास मार्केटमध्ये मला एका ब्लाउजपीससाठी अस्तर हवं होतं, मोरपंखी आणि शेवाळी यांच्या मधलं काहीतरी. दुकानदाराने तुकडा हातात घेतला, दाराशी जाऊन उजेडात धरला, मग म्हणाला, ‘हा शेड माझ्याकडे नाही. तिसऱ्या गाळ्यात विचारा. मी पाठवलंय म्हणून सांगा.’ तिसऱ्या गाळ्यात तो शेड होता. उद्या तिसऱ्या गाळ्यातला कुणाला तरी याच्याकडे धाडेल. ही उधारी कुठल्या वहीत लिहीत नाहीत, पण दोघांच्याही लक्षात असते. ऑनलाइनवाले फार तर ‘आउट ऑफ स्टॉक’ म्हणतात आणि गप्प बसतात.

गंमत म्हणजे हा बाजार मुळात इथला नाहीच. १८०३ साली इंग्रजांच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, प्रचंड आग लागली. त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती कोटाबाहेर, उत्तरेकडे फोफावत गेली. मुंबादेवीसुद्धा मूळची इथली नव्हे. तिचं जुनं देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं, किल्ल्याच्या कामापायी ते हलवावं लागलं. म्हणजे देवी आणि व्यापारी, दोघंही विस्थापित! पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईची आठवण झाली. त्या चार वर्षांत इथे पैसा पाण्यासारखा आला आणि युद्ध संपताच तसाच गेलाही. क्रॉफर्ड मार्केट त्यानंतरचं, १८६९चं. त्याच्या दारावरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी केलेली. मार्केटचं नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघाच.

हेरिटेज वॉक बहुतेक वेळा या शिल्पांपाशीच घुटमळतात. मला मात्र मुळजी जेठा मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत जास्त थांबावंसं वाटतं. कापडाचा हा घाऊक बाजार. पांढऱ्या गाद्या, लोड, दाराशी काढलेल्या चपला, दलालांची ये-जा. १२ डिसेंबर १९३० रोजी याच भागातून परदेशी कापडाने भरलेला ट्रक बाहेर काढण्यात येत होता. तो अडवायला बाबू गेनू रस्त्यात आडवा झाला आणि ट्रकखाली चिरडला गेला. वय बावीस. पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणी कामगार. शाळेत आपण हे नाव दोन मार्कांसाठी पाठ केलं. जागा इतकी अरुंद असेल हे कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. आजही ट्रक आला तर अंग चोरून भिंतीला चिकटावं लागतं. हातात माझं मोरपंखी अस्तर होतं, शंभर टक्के पॉलिस्टर. कुठून आलंय हे मी विचारलं नाही.

झवेरी बाजारात सोन्याच्या दुकानांपेक्षा बघण्यासारखे ते झारेकरी. दुकानांपुढची, कारखान्यांपुढची धूळ झाडून गोळा करायची, धुवायची आणि तिच्यातून सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा धंदा. सोनं घासताना, कापताना उडालेला कणसुद्धा इथे वाया जात नाही. या बाजाराने १९९३, २००३ आणि २०११ असे तीनदा बॉम्बस्फोट झेलले. तीनदा शटर पुन्हा वर गेलं. त्याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून टाळ्या वाजवायची मला अजिबात हौस नाही. रोजच्या मजुरीवरच्या कारागिराला घरी बसणं परवडत नाही, इतका साधा तो हिशेब आहे. आणि या गल्ल्यांचं कौतुक करताना मे २०१५ही विसरून चालत नाही. काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचा जीव गेला. जुन्या लाकडी जिन्यांचे फोटो मीही काढते. त्याच जिन्यांच्या वर माणसं राहतात, खाली गोदामं असतात, मधल्या मजल्यावर भट्टी पेटलेली असते.

म्हणून कुणी इथून हलायचं म्हटलं की मला लगेच गळा काढता येत नाही. फळा-भाज्यांचा घाऊक बाजार १९९६मध्ये वाशीला गेला. हिरेवाले २०१०पासून ऑपेरा हाउस सोडून वांद्रे-कुर्ला संकुलात गेले, मोठ्या लिफ्ट आणि एसी मिळाले, बरंच झालं. प्रश्न एवढाच, की दुकान उचलून नेता येतं. तिसरा गाळा कसा नेणार?

तांबाकांट्याला पोचेपर्यंत चार वाजले. ही गल्ली पास! दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेची भांडी, आणि काटाही, फक्त आता इलेक्ट्रॉनिक. आईचा हुकूम होता, की वन बीएचकेत जागा नाही, पातेलं मोडीत घाल. तिचंही बरोबर आहे. त्यात आमटी करणारी आजी गेली, आतली कल्हई उडाली आणि इंडक्शनवर ते चालतही नाही.

गल्ल्यावरच्या काकांनी पातेलं काट्यावर ठेवलं. दोन किलो सहाशे. भाव सांगितला. मग ते फिरवलं आणि काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव चष्मा वर करून वाचायला लागले. आजीचं नाव, आजोबांचं नाव आणि सन १९५८.

‘कोण तुमची?’

‘आजी.’

‘हां.’ जरा वेळ बोटाने पातेलं वाजवत राहिले. ‘बेन, मोड मी घेतो, धंदाच आहे. पण पत्रा जाड आहे, असा आता कोण घालत नाही. कल्हई करून वापरा.’

‘तुम्ही करता?’

‘मी नाही करत. समोरच्याकडे विचारा.’

समोरचा माणूस उकिडवा बसून एका परातीला कथील फिरवत होता. नवसागराचा धूर डोळ्यांत गेला. पातेलं बघून म्हणाला, ‘मंगळवारी न्या.’ ऑक्टोबर २०२५पासून काळबादेवीला मेट्रोचं स्टेशन झालंय, त्यामुळे मंगळवारी ऑफिसातून येणं जमण्यासारखं होतं. आईला काय सांगायचं ते नंतर बघू. मी पैसे विचारले, हो म्हटलं आणि सवयीने पावती मागितली.

‘पावती कशाला?’ परातीवरची नजर न काढता तो म्हणाला. ‘नाव आहे ना भांड्यावर.’