उघड्या चाकांची निवड

मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधली तीस वर्षं आमच्या पिढीचं वाढणं त्या ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या आवाजात झालं. शाळेच्या पोरांना कोंबून नेणारी ओम्नी त्याच इंजिनावर चालायची, ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी लावलेली गाडीही त्याच इंजिनावर, आणि वरातीत फुलांनी मढलेली पांढरी गाडीही बहुधा तीच असायची. या इंजिनाचं दुसरं आयुष्य मात्र विदर्भात फारसं कुणी पाहिलं नाही. कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते काढून चालकाच्या पाठीमागे बसवलं, भोवती पाइपचा सांगाडा उभा केला, चाकं अंगाबाहेर उघडी ठेवली आणि भारतातल्या माणसाला परवडेल अशी शर्यतीची गाडी तयार केली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. १९९५ साली छोट्या विमानाच्या अपघातात करिवर्धन गेले. कोईमतूरजवळची करी मोटर स्पीडवे ही धावपट्टी त्यांच्याच नावाची. मला त्यांच्या गाडीपेक्षाही तिच्यामागचा विचार मोलाचा वाटतो, कारण नागपुरातल्या एखाद्या हौशी माणसाने ऑटोक्रॉससाठी फॉर्म्युला गाडी घ्यायची ठरवली तर कुठली घ्यावी, याचं उत्तर त्या विचारातच आहे. ताकदीने सगळ्यात लहान, वजनाने सगळ्यात हलकी आणि सुट्या भागांसाठी शहराबाहेर जावं लागणार नाही, अशीच गाडी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी ऑटोक्रॉस म्हणजे काय ते सांगायला हवं. मोकळ्या मैदानावर किंवा डांबरी पटांगणावर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिची लढत घड्याळाशी असते. शंकू पाडला की वेळेत सेकंद वाढतात. मार्ग चुकला तर आणखी वाढतात. विदर्भाला ही रीत परकी नाही. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी सुटते तेव्हा पाहणाऱ्यांचा जीव सेकंदाच्या शंभराव्या भागात अडकलेला असतो, आणि बैल हाकणारा धुरकरी अंगाने हलका असावा, गाडा हलका असावा हे तिथल्या लहान पोरालाही कळतं. मोटारीच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण विसरतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘किती पळते?’

ऑटोक्रॉसमध्ये या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. समजा, वळणाची त्रिज्या नऊ मीटर आहे आणि टायरची पकड गाडीच्या वजनाएवढी आहे. मग त्या वळणातून ताशी ३४ किलोमीटरच्या आसपासच जाता येतं. महागडे टायर घालून पकड दीडपट केली तरी वेग ४१ च्या आसपासच राहतो, कारण वेग पकडीच्या वर्गमुळाने वाढतो. इंजिन चाळीस अश्वशक्तीचं असो की दोनशे, वळणात सगळे सारखेच. सरळ रस्ता मिळतो तो साठ-सत्तर मीटरचा. तिथे मोठ्या इंजिनाने श्वास घ्यायच्या आत पुढचा शंकू येतो. पंखांचं गणित तर त्याहून कडक आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी दीडशेला पंख जेवढा दाब देतो त्याचा नववा हिस्साच ताशी पन्नासला मिळतो. इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ स्पर्धेसाठी बांधतात त्या गाड्यांवर पलंगाएवढे पंख दिसतात ते याचमुळे. एवढ्या कमी वेगात उपयोग व्हायचा तर पंख अवाढव्यच लागतो. हौशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये. शंकूला पुढचा पंख एकदा घासला की दिवसाची कमाई दुरुस्तीत जाते.

यावरून सर्किटवरची निवृत्त गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणं का चुकीचं, ते कळतं. २०२३ पासून भारतात फॉर्म्युला ४ ची स्पर्धा होते. तिची फ्रेंच बनावटीची मायगेल गाडी १.३ लिटरच्या टर्बो इंजिनावर धावते आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या मार्गावर ती शोभतेही. पण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या पुढे, स्टिअरिंग थोडंच वळणारं, पहिला गिअर लांब पल्ल्याचा. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत ऑटोक्रॉसच्या घट्ट वळणाचा बाहेरचा व्यास नऊ मीटरपर्यंत खाली येऊ शकतो. तिथे ही गाडी वळवता वळवता नाकी नऊ येतील. शिवाय अशा गाडीचा रेडिएटर वाऱ्याच्या भरवशावर असतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना सुरुवातीच्या रेषेमागे पाच गाड्यांच्या रांगेत उभं राहिलं की वारा कुठून येणार? इंजिन तिथेच तापून बसतं. शर्यतीच्या स्लिक टायरचं दुखणं याच्या उलट. त्यांना चिकटपणा यायला उष्णता लागते आणि एका मिनिटाच्या फेरीत ती येत नाही. उन्हाळ्यात आपलं डांबर ती आयती देतं, पण डिसेंबरच्या सकाळी तेच टायर लाकडासारखे वागतात. हौशी माणसाला साधा, मऊ रबराचा टायर अधिक वेळ देतो आणि जास्त हंगाम टिकतो.

एलजीबी कंपनीच्या फॉर्म्युला गाड्या, मारुतीच्याच १.३ लिटरच्या इंजिनावर बांधलेल्या, फॉर्म्युला ४ आणि फॉर्म्युला मारुती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. सर्किटवर शिकणाऱ्यांसाठी त्या उत्तमच आहेत. करिवर्धन यांची जुनी फॉर्म्युला मारुती कुठे धड अवस्थेत मिळाली तर ती घ्यायला मी कुणालाही सांगेन. वॉटर पंप, क्लच प्लेट, गॅस्केट, रेडिएटरचा विजेचा पंखा, सगळं ओम्नी आणि ८०० च्या जिवावर अजून मिळतं आणि ते इंजिन डोळे मिटून उघडू शकणारे मिस्त्री नागपुरात आजही आहेत. अडचण एवढीच की अशा गाड्या थोड्या आणि त्यांची वयं झालेली.

त्या विचाराचा आजचा वारस इंजिनिअरिंग कॉलेजांच्या शेडमध्ये उभा आहे. सुप्रा आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी विद्यार्थी दरवर्षी उघड्या चाकांची गाडी स्वतः आखतात, वेल्ड करतात आणि पळवतात. सोमय्या कॉलेजचा ओरायन, पुण्याच्या सीओईपीचा ऑक्टेन, आयआयटी मुंबईचा संघ ही महाराष्ट्रातली ओळखीची नावं. या स्पर्धांत ऑटोक्रॉस हा एक स्वतंत्र प्रकारच आहे, म्हणजे गाडीचा जन्मच शंकूंसाठी झालेला असतो. नियमाने चाकांमधलं अंतर किमान १,५२५ मिलिमीटर, इंजिन ७१० सीसीपर्यंत, आणि हवा आत घेण्याच्या वाटेवर २० मिलिमीटरचं आकुंचन. आपल्याकडचे बरेच संघ जुन्या केटीएम ड्यूकचं ३७३ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन वापरतात. ते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनलेलं आहे आणि मोटरसायकलवर ४३ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देतं. गाडी सव्वादोनशे-अडीचशे किलोची आणि चालक सत्तर किलोचा धरला, तर टनामागे सुमारे १४० अश्वशक्ती हाताशी येते. ८०० मध्ये एकटा माणूस बसला तर हाच आकडा पन्नासच्या आसपास राहतो. स्पर्धेबाहेर हवेचं आकुंचन काढून टाकता येतं, तेव्हा ताकदीचा हिशेब पूर्णच धरायला हरकत नाही. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मागची साखळी. मार्ग लहान असेल तर मागचं स्प्रॉकेट चार दात मोठं लावायचं, की गिअरचा पल्ला बदलला. सर्किटच्या गाडीत याच कामासाठी अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. इथे ते कुठल्याही बाइक मिस्त्रीच्या हाताखालचं काम आहे, आणि नागपुरात गल्लोगल्ली बाइक मिस्त्री आहेत.

यावर पहिला आक्षेप भारतीय वास्तवाचाच येईल. आपल्याकडचं बरंचसं ऑटोक्रॉस मातीवर होतं, आणि नागपूरच्या भोवतीची काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसात चिखल होते. आक्षेप रास्त आहे आणि त्याला वळसा घालता येत नाही. जमिनीपासून बोटभर उंचीवर चालणारी गाडी मुरमावर नेली तर पुढची उघडी चाकं खडे थेट चालकाच्या छातीवर आणि रेडिएटरच्या जाळीवर फेकतात. मातीवरच उतरायचं असेल तर फॉर्म्युलाचा नाद सोडून जिप्सी, जुनी एस्टीम किंवा बाहा स्पर्धेची बग्गी घ्यावी. माझा सगळा युक्तिवाद डांबर किंवा सिमेंटच्या पटांगणापुरता आहे. पण पटांगण मागणं ही काही अवाजवी मागणी नाही. हजार किलोमीटरच्या पुढच्या चेन्नई-कोईमतूरला ट्रकवर गाडी लादून न्यावी लागते, तोवर आपल्याकडच्या पोरांना हा खेळ परकाच राहणार. एका मोठ्या कारखान्याचं वाहनतळ रविवारी सकाळी मिळालं तरी दिवसभराची स्पर्धा होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक जागी परवानगीशिवाय वेगाची चाचणी करायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. फॉर्म्युला गाडीला नंबर प्लेट नसते, ती रस्त्यावर आणताच येत नाही. रुंद सिमेंट रस्त्यांवर रात्री गाड्या दामटणाऱ्या पोरांना कुंपणाच्या आत, हेल्मेट आणि घड्याळासकट वेग द्यायचा असेल तर याहून साधी वाट मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की घरची हॅचबॅक असताना हा खटाटोप कशाला? पहिला हंगाम हॅचबॅकवरच काढावा, हे मलाही पटतं. पण तिच्या बॉनेटखाली चाक नेमकं कुठे आहे ते दिसत नाही, अंदाजावर चालवावं लागतं. उघड्या चाकांच्या गाडीत पुढचा टायर डोळ्यांसमोर फिरत असतो. शंकूच्या बुडापासून तो चार बोटं लांब गेला की एक बोट, ते प्रत्येक फेरीला दिसतं, आणि वळणाच्या मध्यात टायर किती तिरका होतो, कुठे घसरायला लागतो, तेही दिसतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाना फिरवून चाकाचा कल किंवा मागच्या आडव्या दांडीचा ताठपणा बदलता येतो आणि पुढच्या फेरीत फरक अंगाला कळतो. घरच्या गाडीत एवढं शिकायला वर्षं जातात. या लहान गाडीवरून पुढे कुठे जाता येत नाही असं म्हणणाऱ्यांना नारायण कार्तिकेयनचं नाव पुरे. त्याची सुरुवात फॉर्म्युला मारुतीवर झाली आणि २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. अर्थात रविवारचा हौशी माणूस काही तिथे जायला निघालेला नसतो.

सुरक्षेचा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण विद्यार्थ्यांनी केलेलं वेल्डिंग आणि कारखान्यातलं वेल्डिंग एक नाही. विद्यार्थी-स्पर्धेचे नियम मात्र या बाबतीत कडक आहेत. पुढे आणि डोक्यामागे धातूची कमान हवी, हेल्मेट त्या दोन कमानींना जोडणाऱ्या रेषेच्या खाली राहायला हवं, आणि चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता यायला हवं. त्या तपासणीतून पार पडलेली गाडीच बघावी. मग स्वतः आत बसावं, पट्टे आवळावेत, स्टिअरिंग पूर्ण वळवून बघावं. गुडघा अडकत असेल तर गाडी कितीही चांगली असली तरी ती आपली नाही. त्यानंतर चाक काढून सस्पेन्शनच्या दांड्यांच्या टोकाचे रॉड एंड हाताने हलवावेत. कट्कन आवाज आला तर तो सांधा गेलाय. सांगाड्याला जिथे या दांड्या जोडल्यात तिथला रंग खरवडून, बॅटरीच्या उजेडात वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर आहे का ते बघावं. गाडी रंगवून ताजी केली असेल तर हे आणखी काळजीने करावं. पट्ट्यांवर मुदत छापलेली असते, ती उलटली असेल तर किमतीतून नव्या पट्ट्यांचे पैसे वजा करावेत. साखळी, स्प्रॉकेट, ब्रेकचे पॅड कुठल्या गाडीचे बसवलेत ते विचारावं, आणि उत्तरात परदेशी नाव आलं तर त्याला पर्याय नागपुरात मिळतो का ते आधी फिरून बघावं.

अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (एससीसीए) या संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये या विद्यार्थी-गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे, आणि बीटलच्या इंजिनावरची फॉर्म्युला व्ही किंवा टू-स्ट्रोकची फॉर्म्युला ५०० अशा लहान गाड्याही तिथे अजून धावतात. आपल्याकडे मात्र स्पर्धेचा हंगाम संपला की बऱ्याच गाड्यांचं इंजिन पुढच्या बॅचच्या गाडीत जातं आणि सांगाडा शेडमध्ये गंजतो. त्यामागे पोरांची वर्षभराची जागरणं असतात, म्हणून मला त्याची खंत वाटते. कॉलेजांनी असा सांगाडा तपासणीच्या कागदांसह माजी विद्यार्थ्यांना विकायची रीत पाडली, तर नागपुरातल्या चार मित्रांना वर्गणी काढून एक गाडी घेता येईल. एक इंजिन, दोन स्प्रॉकेट, टायरचा एक जोड जास्तीचा, आणि रांगेत उभं असताना रेडिएटरवर वारा घालायला ८०० चा जुना पंखा. पहिल्या हंगामाला एवढं सामान पुरतं.