छत्तीस महिने

भिलाईत 'लीज' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भाताच्या शेतांवर एकामागून एक सेक्टर उभे राहिले. पुढे कारखान्याने आपली काही घरे आजी-माजी कर्मचाऱ्यांना पट्ट्याने दिली, तेव्हापासून 'लीजचे घर' हा शब्द येथील बायकामाणसांच्याही तोंडी बसला. अशा गावी माझ्यासारख्या केंद्र सरकारच्या लिपिकाने, ज्याचे सारे आयुष्यच बदलीच्या हुकमाच्या भाडेपट्ट्यावर चाललेले, मोटारही पट्ट्याने घ्यावी यात नवल कसले? परंतु सह्या करण्यापूर्वीचे ते पंधरा दिवस मला जितके जड गेले, तितकी कोणतीही खात्यांतर्गत परीक्षा गेली नव्हती.

मोटारीची हौस मला कधीच नव्हती. कार्यालयापर्यंत स्कूटर पुरे होती. पण दीड वर्षापूर्वी बाबांना भंडाऱ्याहून येथे आणावे लागले. दोन्ही मूत्रपिंडे थकलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मिळालेली पाळी पहाटेची. त्या वेळी सेक्टरातल्या झाडांखाली रिक्षा उभी नसते. आणि चार तासांनी यंत्रावरून उठलेल्या माणसाला स्कूटरच्या मागे बसवून आणणे हे काय आहे, ते ज्याने एकदा केले त्याने पुन्हा करू नये. दुसऱ्याच आठवड्यात बाबांचा तोल गेला. पडले नाहीत, पण त्यांनी माझा सदरा मुठीत ज्या रीतीने धरला, ती पकड मला कित्येक दिवस पाठीवर जाणवत होती.

विकत का घेतली नाही, असे वाचक विचारतील. पूर्वी आम्हा सरकारी नोकरांना मोटारीसाठी अग्रिम मिळे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, तो बंद झाला. बदलीवाल्यांची एक अडचण मात्र दूर झाली आहे. २०२१ पासून केंद्रीय कर्मचाऱ्याला 'बीएच' मालिकेचा क्रमांक घेता येतो, कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो, आणि राज्य बदलले तरी नवी नोंदणी करावी लागत नाही. पण क्रमांकाआधी पैसा लागतो. शिल्लक औषधोपचारात गेली होती, आणि बँकेच्या सात वर्षांच्या कर्जाला सही करण्याचे धैर्य मला नव्हते. अधिकचे एक ओझे उचलण्याआधी हमाल जसा क्षणभर उभा राहतो, तसा मी उभा होतो.

सुपेल्याच्या बाजारात एक लहानशी प्रवासी गाड्यांची पेढी आहे. पाच-सहा गाड्या, एक टेबल, भिंतीवर देवाची तसबीर. मालकाने प्रथम स्वतःच्या भाच्याची गाडी दाखविली. पाटी पांढरी. "बाबूजी, महिन्याला रोख द्या, कागदाची कटकट नको," तो म्हणाला. येथे माझी लिपिकी कामास आली. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. अपघात झाला, तर 'भाड्यासाठी वापर' या एका कारणावरून विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळू शकते. स्वस्त भाडे हे असे महाग असते. मी नाही म्हटल्यावर तो रागावला नाही. त्याने दुसरे पाकीट काढले. एका मोठ्या कंपनीच्या गाड्या तो मध्यस्थ म्हणून पट्ट्याने देई. नोंदणीपुस्तकात नाव माझे, आणि त्याखाली कंपनीच्या पट्ट्याची नोंद.

घरी येऊन मी १९८८ चा मोटार वाहन कायदा काढला. त्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या वाचून मौज वाटली. गाडी पट्ट्याने दिलेली असेल, तर करारान्वये ती ज्याच्या ताब्यात आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक! म्हणजे गाडी माझी नव्हे, पण तिने कोणाला धक्का दिला तर जबाबदारी माझी. बदलीच्या गावी संसार करणाऱ्या आम्हां मंडळींचे इतके नेमके वर्णन मी कोणत्याही कादंबरीत वाचले नाही.

मग संरक्षणाच्या योजनांचा प्रश्न आला. मालकाने तीन पत्रके दिली होती. मी फाइलीवर टिपण लिहावे, तसे त्यांचे टिपण केले.

पहिली शून्य घसाऱ्याची. साध्या विम्यात प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत धरतात. समजा, बंपर दहा हजारांचा आहे. पाच हजार घसाऱ्यात गेले, लहान गाडीवर विमेदाराने सोसायचे हजार वजा झाले, हाती आले चार हजार. शून्य घसाऱ्यात नऊ हजार येतात. सुपेल्याच्या चौकातून नित्य जाणाऱ्याने ही घ्यावी.

दुसरी बीजकमूल्याची. गाडी चोरीस गेली किंवा पार मोडली, तर विमा कंपनी तिची घोषित किंमत देते, आणि ती वर्षागणिक उतरते. तिसऱ्या वर्षी यादीतील किमतीच्या सत्तर टक्के. सहा लाखांची गाडी चार लाख वीस हजारांची. पट्ट्याच्या गाडीत हा मधला फरक पट्टेदाराच्या गळ्यात येऊ शकतो. ही योजना तो फरक भरून काढते. हीही घ्यावी.

तिसरी त्या पेढीची स्वतःची, नाव 'परतीचे संरक्षण'. मुदतीअखेर गाडी परत देताना 'सामान्य झिजेपेक्षा' अधिक ओरखडे आढळले, तर त्याचा खर्च पेढी सोसणार. कागद गुळगुळीत होता, पण त्यावर कोणत्याही विमा कंपनीचे नाव नव्हते. नोंदणी झालेल्या विमा कंपनीखेरीज विमा कोणालाच विकता येत नाही. तेव्हा हा विमा नव्हे, एका दुकानदाराचा शब्द. दुकान चालू असेपर्यंत शब्द चालू. आणि 'सामान्य झीज' म्हणजे काय, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

हे सारे मी बाबांना वाचून दाखविले. ते तलाठी म्हणून निवृत्त झाले. आमच्या भंडाऱ्याकडे अजून पटवारीच म्हणतात. डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "अरे, जमीन पट्ट्याने घेताना ती कशी होती हे कोणी लिहून ठेवत नाही, आणि परत देताना मालकाला सगळे बांध आठवतात. तिसरा कागद सोड. गाडी घेतेवेळी तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा लिही, फोटो काढ आणि त्याची सही घे." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि शेवटची कलमे आधी वाच. खरा व्यवहार तिथेच असतो."

शेवटची कलमे मी आधीच वाचली होती. त्यांना वाचून दाखविली नव्हती, एवढेच. मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास दंड होता. पट्टेदाराचा मृत्यू झाला, तर दंड माफ. पट्टेदाराच्या मृत्यूची तरतूद होती. पट्टेदाराच्या वडिलांची नव्हती. आणि पहिल्याच पानावर एक रकाना रिकामा होता : 'मुदत, महिने'. बारा, चोवीस किंवा छत्तीस. छत्तीसला मासिक भाडे सर्वांत कमी, बाराला सर्वांत जास्त.

गाडी कशासाठी हवी होती, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मग किती महिने हवी, याचे उत्तर मी कसे लिहावे? बारा लिहिले, तर मी काय धरून चाललो आहे ते त्या आकड्यातून उघड होणार. छत्तीस लिहिले, आणि मध्येच... तर त्या दिवसांत दंडाचा हिशेब करीत बसावे लागणार. मी हिशेबी माणूस आहे. आणि आपण हा हिशेब मनात केला, याचीच मला लाज वाटत होती. सौ. म्हणाली, "छत्तीसचा आकडा बरा नव्हे, चोवीस लिहा." तिच्या मनात काय होते ते मला कळले, आणि तिलाही कळले की मला कळले. कागद आठ दिवस टेबलाच्या खणात पडून राहिला.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, बाबांनी तो स्वतः मागून घेतला. चष्मा लावून शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत वाचला. मुदतपूर्व परतीच्या कलमावर त्यांचे बोट जरा वेळ थांबले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. "पेन दे," ते म्हणाले. त्यांच्या तलाठ्याच्या, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरात त्यांनी रकान्यात ३६ लिहिले. "छत्तीसगढात राहतोस आणि चोवीस काय लिहितोस?" एवढेच बोलून त्यांनी चहा मागितला.

पहिल्या दोन योजना मी घेतल्या. तिसऱ्या कागदाऐवजी बाबांनी सांगितली तशी यादी केली. सात ओरखडे निघाले, खाली पेढीच्या मालकाची सही आहे. करारात वर्षाकाठच्या किलोमीटरांना मर्यादा आहे, म्हणून बाबा पुढच्या आसनावर बसून प्रत्येक फेरीची तारीख, वेळ आणि किलोमीटर एका वहीत लिहितात. परतीच्या फेरीतले अक्षर हलते, पण नोंद चुकत नाही.

आज सतरावा महिना चालू आहे. गाडीवर एक ओरखडा वाढला. तो माझ्याकडून, दवाखान्याच्या फाटकाशी. वहीत त्याचीही नोंद आहे. काल संध्याकाळी बाबा म्हणाले की, वही संपत आली. उद्या येताना दुसरी आणावी, आणि या खेपेस दोनशे पानी आणावी.