दोन कथांतले एक विमान

गेल्या श्रावणात धाराशिव जिल्ह्यातील येडशीला जाण्याचा योग आला. सोबत नाशिकचा पुतण्या आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी होती. गावाजवळच्या रानात, पायऱ्या उतरून गेल्यावर, रामलिंगाचे मंदिर लागते. सीतेला आकाशमार्गाने पळवून नेणाऱ्या रावणाशी जटायू येथेच झुंजला अशी तेथील श्रद्धा आहे. जटायूची समाधीही दाखवितात.

नात म्हणाली, "पण आजोबा, टाकेदलासुद्धा हेच सांगितलं होतं! मग खरी जागा कोणती?"

नाशिक जिल्ह्यातील टाकेदचीही तीच ख्याती आहे. मी उत्तर शोधू लागलो, तोच पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या बाबांच्या विमानाचंही असंच झालंय."

त्या विमानाची हकिकत मला ठाऊक होती. 'स्टार वॉर्स' या अंतराळकथेवर १९९४ साली 'टाय फायटर' हा संगणकीय खेळ निघाला. रविवारी मिस्सा आटोपली की माझे थोरले बंधू आणि हा पोरगा त्यात रंगून जात. साम्राज्याच्या साध्या लढाऊ विमानांना संरक्षक कवच नसे. 'टाय डिफेंडर' या तीन पंखांच्या नव्या विमानाला मात्र ते होते. ते चालवायला मिळाले, त्या दिवशी बापलेकांनी घर डोक्यावर घेतले होते. पुढे काही वर्षांनी बंधू वारले.

एप्रिल २०१४ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केले, की चित्रपटांबाहेरच्या जुन्या कादंबऱ्या आणि खेळ यांतील कथा यापुढे केवळ 'दंतकथा' समजाव्यात. पुतण्याने खेळाची पेटी माळ्यावर टाकली. "बाबांबरोबर जे पाहिलं, ते घडलंच नाही म्हणतात," एवढेच तो बोलला. त्या वाक्यामागचे दुःख विमानाचे नव्हते, हे मला उमगले.

पुढे 'रिबेल्स' या नव्या मालिकेत तेच विमान पुन्हा अवतरले; पण जन्मवेळ बदलून. जुन्या कथेत ते एंडोरच्या लढाईच्या सुमारास तयार होते, तर नव्या कथेत पहिल्या चित्रपटाच्याही आधी. मग चित्रपटांत ते दिसत का नाही? जुनी कथा सांगते, ते फार महाग होते, थोडीच बनली. नवी सांगते, त्याचा पैसा 'डेथ स्टार' या महाशस्त्राकडे वळविला गेला. पुतण्याने दोन्ही जुळविण्यासाठी वहीत कालक्रमांचे तक्ते मांडले. पण एक सांधावे तर दुसरे उसवे.

करमणुकीची कथा आणि धर्मग्रंथ यांची बरोबरी मला करावयाची नाही. तरीही मला तातियान आठवला. सुमारे इ. स. १७० मध्ये त्याने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच सलग ग्रंथ सिद्ध केला. सिरियातील ख्रिस्ती मंडळींत तो पाचव्या शतकापर्यंत वाचला जाई. अखेर ख्रिस्तसभेने चार शुभवर्तमाने चारच राखली. मेंढपाळ लूक सांगतो, मागी लोक मत्तय सांगतो. नाताळच्या गोठ्यात आपण दोघांना शेजारी उभे करतो. परंतु एकासाठी दुसऱ्याचे पान कोणी फाडत नाही.

मी पुतण्याला म्हणालो, "तक्ता जुळणार नाही. दोन्ही कथा राहू देत. मात्र कोणती कोणाकडून ऐकली, ते पोरीला सांग."

तो बराच वेळ गप्प होता. मग समाधीजवळच्या पायरीवर लेकीला शेजारी बसवून म्हणाला, "तुझ्या आजोबांनी आणि मी एक विमान उडवलं होतं. तू मालिकेत पाहिलंस ना, तेच. पण आमचं थोडं वेगळं होतं."

"वेगळं म्हणजे कसं?" तिने विचारले.

जटायूच्या खऱ्या जागेचा प्रश्न ती विसरून गेली होती. पेटी माळ्यावरून उतरली, असे दिवाळीच्या सुटीत तिने मला फोनवर सांगितले.